फ्रीज किती वर्षे टिकावा, हे कोणी ठरवायचे?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत बेळगावातील एखाद्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडा वेळ नुसते उभे राहावे आणि गिऱ्हाइके काय विचारतात ते ऐकावे. किंमत किती, महिन्याला हप्ता किती बसेल, स्टार किती, जुन्याचे किती धरणार, आजच घरपोच मिळेल का, या रंगात आणखी मोठा आहे का, असे प्रश्न मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत अखंड चालू असतात. ‘हा किती वर्षे चालेल?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर पडतो. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने तो विचारलाच, तर ‘कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे, काका’ असे उत्तर मिळते आणि प्रश्न मिटला असे विकणारा आणि घेणारा दोघेही धरून चालतात.

वास्तविक त्या उत्तराचा त्या प्रश्नाशी फारसा संबंध नसतो. वॉरंटी म्हणजे कंपनी किती काळ स्वतःच्या खर्चाने बिघाड दूर करून देईल याचे वचन. वस्तू किती काळ चालेल याविषयी त्यात एक अक्षरही नसते. तरीही गेल्या काही वर्षांत आपण हळूहळू वॉरंटीलाच वस्तूचे आयुष्य मानू लागलो आहोत. वॉरंटी संपल्यानंतर लगेच यंत्र बंद पडले तर आपण चिडण्याऐवजी हसतो, ‘वेळेवर गेले’ असे म्हणतो आणि नव्याचा विचार सुरू करतो. आपली अपेक्षा किती खाली आली आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

वॉरंटीचा कागद एकदा नीट वाचून पाहण्यासारखा असतो. बहुतेक फ्रीजच्या बाबतीत संपूर्ण यंत्राला एक वर्ष आणि कंप्रेसरला दहा वर्षे अशी विभागणी असते. कंप्रेसर हा फ्रीजमधला सर्वांत दणकट भाग आहे. पोलादी कवचात तेलासह कायमचा बंद केलेला असल्याने धूळ, ओलावा, मुंग्या यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्रीज बंद पडतो तो बहुधा दुसऱ्याच कारणांनी. नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडून गॅस निघून जातो, थर्मोस्टॅट किंवा बर्फ वितळवणारा हीटर निकामी होतो, आतला पंखा अडकतो, दाराचे रबर कडक होऊन गारवा बाहेर पडू लागतो, आणि अलीकडच्या इन्व्हर्टर (म्हणजे मोटारीचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) यंत्रांत पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, जळते. यांपैकी बहुतेक गोष्टी दुसऱ्या वर्षापासून आपल्या खिशातून भरून काढायच्या असतात. कंप्रेसर खरोखरच गेला, तरी नवा कंप्रेसर मोफत आणि गॅस भरणे, मजुरी, येण्या-जाण्याचा आकार हे सारे आपल्याकडे, अशी अट अनेक कागदांवर बारीक अक्षरांत असते. थोडक्यात, जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा सर्वांत कमी बिघडणाऱ्या भागाला चिकटवलेला असतो.

आमच्या भागात पीसीबीचे दुखणे विशेष जाणवते. खानापूरच्या बाजूला पावसाळा लांब आणि घनदाट. भिंतींना ओल येते, वीज जाते-येते, दाब कधी कमी तर कधी एकाएकी जास्त होतो. अशा हवेत तांब्याच्या वेटोळ्याची जुनी मोटार कशीबशी तग धरते, परंतु नखाएवढ्या सुट्या भागांनी भरलेली पाटी तग धरेलच असे नाही. स्टॅबिलायझरमध्ये शिरून आडवी झालेली पाल दाखवून बिघाडाचे कारण समजावून सांगणारे मेकॅनिक इकडे सर्वांनाच परिचित आहेत.

टिकाऊपणाची अपेक्षा आपण पूर्णपणे सोडून दिली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ती वस्तूगणिक बदलते. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. पितळेची परात, तांब्याची घागर, स्टीलचा डबा यांवर कोरलेले नाव वाचून नात ‘ही कोण?’ असे विचारणार आहे, हे गृहीत धरूनच ते नाव घातलेले असते. मिक्सरवर किंवा वॉशिंग मशीनवर कोणी नाव घालून घेत नाही. देणाऱ्यालाही ठाऊक असते की ही वस्तू नातीपर्यंत पोहोचणार नाही.

यांच्या मधल्या पायरीवर प्रेशर कुकर, शिवणयंत्र, गॅसची शेगडी आणि छताचा पंखा येतात. यांत्रिक वस्तू असूनही त्यांच्याकडून आपण वीस-पंचवीस वर्षांची अपेक्षा बिनदिक्कत करतो. याचे कारण मला त्यांच्या धातूत दिसत नाही, तर त्यांच्या सुट्या भागांच्या उपलब्धतेत दिसते. कुकरचे रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खडेबाजारातील दुकानात मिळतात, तसेच तालुक्याच्या आठवडी बाजारात जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या माणसाकडेही मिळतात. रिंग सैल झाले म्हणून कुकर मोडीत घालण्याचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. शिवणयंत्राचा पट्टा आणि बॉबिन, शेगडीचे बर्नर, पंख्याचा कपॅसिटर यांचेही तेच. ज्या वस्तूचा झिजणारा भाग आठवडी बाजारात मिळतो तिला आपण टिकाऊ समजतो, आणि ज्या वस्तूचा भाग मागवण्यासाठी मॉडेलचा सोळा अक्षरी क्रमांक सांगावा लागतो तिच्याकडून आपण फारशी आशा ठेवत नाही. ही आपली अडाणी समजूत आहे असे कोणी म्हणेल, पण मला ती बरीच अचूक वाटते.

येथे ‘पूर्वीच्या वस्तू कशा दणकट होत्या’ या नेहमीच्या सुस्काऱ्याविषयी थोडे सावध राहायला हवे. आजोबांच्या काळातला जो पंखा आज शहापूरच्या जुन्या वाड्यात गरगरत आहे, तो आपल्याला दिसतो. त्याच वर्षी विकत घेतलेले आणि केव्हाच भंगारात गेलेले इतर पंखे दिसत नाहीत. टिकलेल्यांचीच साक्ष काढली तर सारा भूतकाळ टिकाऊच ठरणार. शिवाय जुन्या वस्तूंचे दीर्घायुष्य फुकट मिळत नव्हते. पितळेच्या भांड्याला वेळोवेळी कल्हई लागे, त्यात आंबट टिकत नसे, आणि चिंच-राखेने ते घासण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई हे सांगायला नको. घरातल्या बायकांनी त्या जड परातींना निरोप देऊन स्टील आणले तेव्हा त्यांनी कमी टिकाऊ वस्तू निवडली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

किमतीचा मुद्दाही असाच आहे. एकेकाळी फ्रीज ही वाड्यात एखाद्याच बिऱ्हाडाला परवडणारी वस्तू होती आणि त्यासाठी कित्येक महिन्यांचा पगार साठवावा लागे. आज एका दाराचा साधा फ्रीज कायम नोकरी असलेल्या माणसाच्या महिन्याच्या पगारात बसतो. वस्तू कारखान्यात हजारांनी तयार होतात म्हणून स्वस्त होत गेल्या, पण दुरुस्ती एकेका घरी, एकेका माणसाच्या हातांनीच होते, म्हणून ती त्या प्रमाणात स्वस्त होऊ शकत नाही, आणि होऊही नये, कारण मेकॅनिकलाही त्याच महागाईत घर चालवायचे असते. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीशी ताडून पाहणारा ग्राहक उधळ्या असतो असे नाही. तो साधा हिशेब करत असतो. फक्त त्या हिशेबात एक आकडा नेहमी गैरहजर असतो, तो म्हणजे नवी वस्तू किती वर्षे चालणार हा.

उत्पादकांनी हा आकडा मुद्दाम कमी केला का, हा वादाचा विषय आहे आणि त्यात विजेच्या दिव्यांचा दाखला हमखास निघतो. १९२४ साली युरोप-अमेरिकेतील मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ या नावाने एक संघटना उभारली, त्या वेळी दीड ते दोन हजार तास चालणाऱ्या बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणायचे ठरवले, आणि जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड लावला. हे सारे कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. परंतु याच कहाणीची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही: तारेच्या बल्बचे आयुष्य वाढवायचे तर तार कमी तापवावी लागते, आणि कमी तापलेली तार तेवढ्याच विजेत कमी उजेड देते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळत असलेला प्रसिद्ध बल्ब आज रात्रीच्या दिव्याइतकाच मिणमिणतो. म्हणजे एक हजार तासांच्या मर्यादेत काही तांत्रिक तथ्यही होते. आक्षेपार्ह होते ते ग्राहकाला निवड न देणे आणि सर्वांनी मिळून ती गुप्तपणे नाकारणे.

तशीच गोष्ट मिक्सरच्या कपलरची. भांड्याच्या आणि मोटारीच्या मधला तो छोटा दातेरी तुकडा वारंवार तुटतो म्हणून कंपनीला शिव्या बसतात, पण तो तुटण्यासाठीच असतो. सुके खोबरे किंवा हळकुंड अडकून पाते जागीच थांबले तर कपलर झिजतो आणि मोटार वाचते. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला वितळणारा धातूही याच न्यायाने स्वतः जाऊन घराला वाचवतो. प्रत्येक नाजूक भागामागे कारस्थान शोधू नये. घरातला परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकेना, म्हणून सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. टिकण्याची व्याख्या वापरावरून ठरते हे त्यांनी ओळखले होते. कोल्हापुरी मसाला आणि इडलीचे पीठ एकाच भांड्यात वाटणाऱ्या आमच्या घरांना ते वेगळे सांगायला नको.

मला खरा राग येतो तो दुरुस्तीची वाटच बुजवून टाकणाऱ्या रचनेचा. जुन्या फ्रीजच्या पाठीमागे गॅसच्या नळ्यांची आणि काळ्या तारांची जाळी असे. तिच्यात कोठे गळती झाली तर मेकॅनिक साबणाच्या पाण्याने ती शोधून तेथल्या तेथे डाग देई. आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड, घट्ट फोमला चिकटवून बसवलेल्या असतात. पाठ सपाट आणि सुबक दिसते, धूळ साचत नाही, हे खरे. पण आत गळती झाली की पत्रा कापल्याविना तेथपर्यंत हात पोहोचत नाही. काही वॉशिंग मशीनमध्ये बाहेरचा टब दोन अर्ध्या भागांचा आणि स्क्रूने जोडलेला असण्याऐवजी कायमचा सांधलेला असतो, त्यामुळे बेअरिंग खराब झाले तर सबंध टबच बदलावा लागतो. एलईडी बल्बचे तर विचारूच नये. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद आहे. पण खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेला बल्ब त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो, तेव्हा आतले दिवे बहुधा शाबूतच असतात. उष्णतेने गेलेला असतो तो त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला काही रुपयांचा कपॅसिटर. बंद झाकणाच्या शेडमध्ये बल्ब लावला की ती उष्णता आणखी वाढते, आणि ही गोष्ट खोक्यावर ठळकपणे कोणी लिहीत नाही.

एवढे सगळे उत्पादकांच्या पदरात घातल्यावर आपल्या पदरातले पाहू. ब्रिटनमध्ये टिम कूपर या संशोधकाने या शतकाच्या आरंभी घरगुती उपकरणांविषयी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा टाकून दिलेल्या उपकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश उपकरणे टाकताना चालू स्थितीत होती असे आढळले. उपकरणे हवी तितकी टिकत नाहीत अशी तक्रारही त्याच पाहणीत मोठ्या प्रमाणावर होती. ब्रिटिशांचे आकडे आपल्याला लागू करण्याचे कारण नाही, पण ही विसंगती ओळखीची वाटते. टिळकवाडीत किंवा हिंदवाडीत घराचे नूतनीकरण निघाले की मॉड्युलर स्वयंपाकघराला जुना फ्रीज शोभत नाही, आणि चालू स्थितीतले यंत्र दाराबाहेर पडते.

मात्र आमच्याकडे, निदान आतापर्यंत, दाराबाहेर पडलेले यंत्र नाहीसे होत नसे. या मुद्द्यावर मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण ‘वस्तू किती टिकावी’ या प्रश्नाची सारी चर्चा पहिल्या मालकापाशीच थांबते. बेळगाव शहरात घेतलेला फ्रीज आठ-दहा वर्षांनी येळ्ळूर, उचगाव किंवा कडोलीतल्या भावाकडे जाई, नाहीतर भाचीच्या नव्या संसाराला लागे. तेथून पुढे कधी जांबोटीच्या बाजूला एखाद्या चहाच्या टपरीत, कधी चंदगड तालुक्यातल्या शेतघरात दूध-दही सांभाळत असे. घरकामाच्या मावशींना दिलेल्या मिक्सरची मोटार दोनदा वाइंडिंग करून अनगोळात तिसऱ्या घरी चालू असल्याचे मी पाहिलेले आहे. त्या मिक्सरच्या पहिल्या मालकाला विचारले असते तर त्याने ‘पाच-सहा वर्षे चालला’ असे सांगितले असते, कारण त्याच्या घरी तो तेवढाच राहिला. प्रत्यक्षात यंत्राचे आयुष्य त्याच्या तिप्पट होते. पहिला मालक आपल्या कंटाळ्याची मुदत सांगत असतो, आणि पाहणी करणारे तीच यंत्राची मुदत म्हणून नोंदवतात.

ही साखळी एक्स्चेंजच्या सवलतीने तोडत आणली आहे. जुन्याचे दीड-दोन हजार रुपये धरतो म्हटले की गिऱ्हाइकाला बरे वाटते. नातेवाइकाकडे पोहोचवण्याचा खटाटोप, टेम्पोचे भाडे आणि उद्या बिघडल्यास ऐकावे लागणारे दोन शब्द टळतात. पण ते दीड-दोन हजार बहुधा नव्या किमतीतच आधी मिसळलेले असतात, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला साठलेली ती यंत्रे चालू आहेत की बंद आहेत याची फारशी पर्वा न करता बरीचशी वजनावर भंगारात जातात. त्यातला तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंडाचा भाव निघतो. चालू यंत्र म्हणून त्याची जी किंमत गरजू घराला होती ती कोठेच धरली जात नाही. भाचीला मात्र आता हप्त्यावर नवा फ्रीज घ्यावा लागतो. मला विचाराल तर घरगुती वस्तूंचे आयुष्य कमी होण्यात या एका सवलतीचा वाटा, पातळ पत्र्याइतकाच मोठा आहे.

सर्वच वस्तू शक्य तितकी वर्षे चालवाव्यात, हेही मला पटत नाही. फ्रीज चोवीस तास वीज खातो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आजच्या तशाच आकाराच्या चांगल्या फ्रीजपेक्षा बरीच जास्त वीज घेतो, त्यामुळे तो अनंत काळ चालवण्यात पर्यावरणाचे भले होते असे नाही. जुना पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट घेतो आणि नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या मोटारीचा) पंखा तीसच्या आसपास. उन्हाळाभर दिवसरात्र चालणाऱ्या पंख्यात हा फरक लहान नव्हे, जरी नव्या पंख्याचे सर्किट गेल्यावर वडगावातला वाइंडिंगवाला हतबल होतो तरीही. याउलट मिक्सर दिवसातून काही मिनिटेच चालतो, इस्त्री आठवड्यातून थोडा वेळ, शिवणयंत्र तर पायांवर. त्यांनी किती वीज खाल्ली हा प्रश्न गौण आहे. त्यांना घडवण्यातच बहुतेक सारा खर्च झालेला असतो, म्हणून अशा वस्तूंनी सर्वांत जास्त टिकावे असे माझे मत आहे. प्रत्यक्षात बाजार नेमका उलटा चालतो, आणि सर्वांत उथळ आयुष्याच्या वस्तू मिक्सर, इस्त्री, किटली यांतच सापडतात.

जाता जाता सीमेची एक गंमत सांगतो. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत, आधीच्या सरासरी वापराच्या हिशेबाने, मोफत मिळते. परिणामी बेळगावच्या घरात जुना खादाड फ्रीज बिलात दिसतच नाही, आणि तोच फ्रीज काही कोसांवर, महाराष्ट्रातल्या चंदगडला नेला की पहिल्याच बिलात बोलू लागतो. फ्रीज कधी बदलावा याचे उत्तर राज्याच्या सीमेवर बदलावे, हे मोठे विचित्र आहे.

सीमेचा दुसरा अनुभव इतका गमतीचा नाही. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आणि सरावाचे. सोयरीक तिकडे, दवाखाना तिकडे, खरेदीही तिकडेच. माझ्या एका आप्तांनी कोल्हापुरात घेतलेली वॉशिंग मशीन बिघडली तेव्हा कंपनीच्या यंत्रणेने पिन कोड पाहून तक्रार हुबळीच्या बाजूला पाठवली, तिकडून ती बेळगावला आली, आणि तोपर्यंत घरातल्या वहिनी हातानेच धुणे धुऊन मोकळ्या झाल्या. फोनवर भाषा निवडताना कर्नाटकचा क्रमांक म्हणून मराठीचा पर्यायच आला नाही; वडीलधाऱ्यांनी तोडक्यामोडक्या हिंदीत ड्रम, बेल्ट आणि आवाज यांचे वर्णन केले. अशा खटाटोपानंतर ‘त्यापेक्षा नवी घेऊ’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याला उधळपट्टी म्हणणे सोपे असले तरी तो बऱ्याचदा निव्वळ थकवा असतो.

आणि हे ज्या जिल्ह्यात घडते तेथे हाताच्या कौशल्याचा तुटवडा नाही. उद्यमबागेतील फाउंड्र्या आणि यंत्रशाळा इंजिनांचे व पंपांचे सुटे भाग देशभर पाठवतात. मायक्रॉनमध्ये माप घेणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. मोटार वाइंडिंग करणारी, कॉइल बांधणारी, तुटलेला शाफ्ट लेथवर नव्याने काढून देणारी दुकाने शहापूर-वडगावच्या यंत्रमागांमुळे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहेत. अशाच एका दुकानात मेकॅनिक मला म्हणाले, “सर, मशीन चांगलं हाय की ओ. पार्ट मिळाला तर अजून पाच वर्षं बघायला नको. पार्टच मिळंना, त्याला आम्ही काय करायचं?” त्यांच्या मुलाने मोबाईल दुरुस्तीचे काम धरले आहे, तेथे निदान पडदे आणि बॅटऱ्या घाऊक बाजारात मिळतात.

सुटा भाग मिळणे हा निव्वळ कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नाही, हे युरोपाने दाखवून दिले आहे. तेथे मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग ते मॉडेल बाजारात येणे बंद झाल्यानंतरही दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकावर बंधनकारक आहे. फ्रीजच्या भागांसाठी ही मुदत सात वर्षांची आणि दाराच्या रबरासाठी दहा वर्षांची आहे. फ्रान्सने २०१५ साली वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा गुन्हा ठरवला आणि २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षाअखेरीस त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि पुढे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून व्हावी असे त्यात सुचवले आहे. मी असतो तर मिक्सरपासून सुरुवात केली असती, पण निदान सुरुवात झाली.

दरम्यान आपल्या हातात ग्राहक संरक्षण कायदा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी दाद मागता येते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पहिल्या वर्षातल्या बिघाडासाठी हे पुरेसे आहे. चौथ्या वर्षी बंद पडलेल्या यंत्राविषयी मात्र ग्राहकाला निर्मितीतला दोष सिद्ध करावा लागतो, आणि ते यंत्र किती वर्षे चालणे अपेक्षित होते याचा छापील आकडाच कोठे नसल्यामुळे ‘लवकर बिघडले’ या शब्दांना आयोगापुढे फारसा अर्थ उरत नाही.

असा आकडा काढता येत नाही असे मात्र नाही. ई-कचऱ्याच्या नियमांसाठी उत्पादकांवर किती कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकायची याचा हिशेब मांडताना फ्रीजचे सरासरी आयुष्य दहा वर्षे धरले गेले आहे. म्हणजे कचरा मोजण्यासाठी जो आकडा सरकारी कागदावर आहे, तो विकत घेणाऱ्याला मात्र दुकानात कोठेच दिसत नाही. विजेच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर २०१० पासून आणि छताच्या पंख्यांवर २०२३ पासून स्टारचे लेबल सक्तीचे झाले, आणि फ्रीजच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापले जाऊ लागले. आता खेड्यातून आलेले गिऱ्हाईकही पहिल्यांदा स्टार मोजते. छापलेले असते म्हणून विचारले जाते, आणि विचारले जाते म्हणून कंपन्या त्यात चढाओढ करतात. त्याच लेबलावर अपेक्षित आयुष्याची वर्षे आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील याची आणखी एक ओळ छापायला जागा निश्चित आहे.

ती ओळ येईपर्यंत आमच्या घरी काही खरेदी निघाली की मी दुकानात दोन गोष्टी विचारतो: दाराचे रबर किंवा ड्रमचे बेअरिंग वेगळे मिळते का, आणि या मॉडेलच्या पीसीबीची आजची किंमत काय. बहुतेक ठिकाणी विक्रेते चमकून पाहतात आणि विषय कंप्रेसरच्या दहा वर्षांवर नेतात. गेल्या खेपेला गणपत गल्लीच्या बाजूच्या एका दुकानदाराने मात्र तेथल्या तेथे सर्व्हिस सेंटरला फोन लावला, दोन्ही किमती विचारून चिठ्ठीवर लिहून दिल्या, आणि अगदी नव्या मॉडेलपेक्षा तीन-चार वर्षे बाजारात असलेले मॉडेल घ्या, त्याचे भाग बेळगावातच मिळतात, असे सुचवले. त्यात वाय-फाय नव्हते आणि रंगही एकच होता. आम्ही तेच घेतले.